इतोहाचा पांढरा भात

मुहूर्त तामाए मावशीने काढला होता, तेव्हा तो चुकणार हे आमच्या गल्लीतल्या ‘कावासेमी’ घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुठे चुकणार, एवढंच बघायचं राहिलं होतं.

पंचांग पाहता दिवस उत्तम होता. वार चांगला, दिशा चांगली, मुलीने सासरी जायला तर फारच चांगला. मावशीने फक्त तारीख पाहिली नव्हती. तारीख होती पंधरा. आणि पहिल्या व पंधराव्या तारखेला क्योतोतल्या जुन्या घरांत भातात अझुकी चवळीचे लाल दाणे पडतात. भूकंप झाला तरी पडतात. त्यामुळे ज्या सकाळी इतोहाचा पांढरा भात डब्यांत भरायचा, त्याच सकाळी शेजारच्या चुलीवर ओशिगेने पातेलंभर लाल दाणे शिजत ठेवले होते.

“उतरव ते,” इतोहा म्हणाली.

“पंधरा तारीख आहे,” ओशिगे म्हणाली. ती स्वयंपाकघराची मालकीण. घराच्या मालकीणबाईसुद्धा तिथे विचारून येत.

“आज एक दिवस नाही खाल्ले तर काय होईल?”

“तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून मी पंधरा तारखेला दाणे शिजवतेय. तू निघालीस म्हणून पंधरा तारीख रद्द करू?”

इतोहाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मंचावर ती नुसती मान वळवी आणि सबंध नाट्यगृह श्वास धरून बसे, पण ओशिगेवर त्या मानेचा आजवर काही परिणाम झालेला नव्हता.

काम सोडून निघालेल्या गेइकोने (तोक्योवाले गेशा म्हणतात, तोक्योवाल्यांना बाकीही बरंच काही कळत नाही) आपल्या गुरूंना, चहाघरांच्या ‘आयां’ना म्हणजे मालकिणींना, थोरल्या बहिणींना भाताचा डबा नेऊन द्यायचा, ही आमच्या गल्लीची रीत. भात निव्वळ पांढरा असला तर समजायचं, ही गेली, आता परत यायची नाही. पांढऱ्यात लाल दाणे दिसले तर समजायचं, दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही. तोंडाने कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. झाकण उघडायचं, बघायचं, अभिनंदन म्हणायचं. मग ती लांब गेली की मनसोक्त बोलायचं.

आजवर ‘कावासेमी’ या गेइकोंच्या घरातून बऱ्याच जणी गेल्या, पण घरची लेक कुणी गेली नव्हती. इतोहा घरची लेक होती. मालकीणबाई किनुएने तिला लहानपणी दत्तक घेतलं, नाच शिकवला, नाव दिलं, आणि पुढे हे घर तीच चालवणार हे इतकं ठरून गेलं होतं की कुणी ते बोलूनही दाखवत नसे. अशी ती बत्तिसाव्या वर्षी त्सुरुगाच्या वेधशाळेतल्या एका माणसाशी लग्न करते म्हणाली, तेव्हा किनुए फक्त “हवा बघणाऱ्याशी?” एवढंच म्हणाली आणि आठवडाभर प्रत्येक गोष्टीला “मला काय, तुमची मर्जी” हे उत्तर देत राहिली. ‘तुमची मर्जी’ हे शब्द या घरात शिवीच्या एक पायरी वर धरतात.

दाणे घालायचे की नाही यावरून दोन पक्ष पडले होते. ओशिगे आणि कोसुझु दाण्यांच्या बाजूच्या. कोसुझु ही इतोहाची धाकटी बहीण. विधीने एका तबकातले साकेचे तीन पेले पिऊन झालेली बहीण, पण सख्ख्या बहिणींनी लाजावं इतकी भांडखोर. पांढऱ्याच्या बाजूला खुद्द इतोहा आणि किनुएला अक्का म्हणणारी तामाए मावशी. किनुए कुठल्याच पक्षात नव्हती. तिला काय, त्यांची मर्जी.

*

पुढच्या खोलीत तो हवा बघणारा, मिनोवा, गुडघ्यांवर हॅट ठेवून बसला होता. तो रीतसर निरोप घ्यायला आला होता आणि त्याला चहा द्यायला कोसुझुला पाठवलं होतं. दोन्हींपैकी दुसरी चूक मोठी होती.

“तुमच्याकडे बर्फ किती पडतो?” कोसुझुने पेला ठेवता ठेवता विचारलं.

“कमरेपर्यंत.”

“कुणाच्या? तुमच्या की ताईच्या?”

मिनोवाने विचार केला. “सरासरी,” तो म्हणाला.

कोसुझुने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत होती. तो करत नव्हता. अशा माणसाशी भांडणार कसं, हे तिला कळेना.

“आणि ताई तिकडे करणार काय?”

“नाच शिकवीन म्हणते.”

“कुणाला? बर्फाला?”

“वेधशाळेत आम्ही सहाजण आहोत. दोघांनी उत्सुकता दाखवली आहे.”

कोसुझुला हसू आलं, त्याचा तिला राग आला. ताई जाणार म्हणून गेला आठवडाभर घरात सगळ्यात मोठ्याने तीच रडत होती. मात्र मधल्या वेळात ताईची माडीवरची खोली, ती पूर्वेची खिडकी, खिडकीतून दिसणारी तेन्जिनच्या देवळातली उमेची, म्हणजे प्लमची झाडं, हे सगळं तिच्या डोळ्यांनी मापून झालं होतं, आणि हे मापणं आठवलं की ती आणखी रडत असे.

“तिला सुखात ठेवाल ना?” तिने एकदम विचारलं.

“चोवीस तासांपलीकडचं मी ठामपणे सांगत नाही,” मिनोवा म्हणाला. तिचा चेहरा पडलेला पाहून त्याने घाईने जोडलं, “पण रोज सकाळी नव्याने बघतो.”

एवढं बोलून त्याने हात धुवायची जागा विचारली. ‘कावासेमी’तला बोळ असा आहे की नवखा माणूस हात धुवायला निघतो आणि स्वयंपाकघरात पोचतो. मिनोवाही पोचला. ओशिगे मागच्या अंगणात लाकडं आणायला गेली होती. ओट्यावर काळे लाखेचे डबे उघडे मांडलेले होते, त्यांतून वाफ निघत होती. आणि त्याची होणारी सासू, जिच्यासमोर बसताना त्याला अजून घाम फुटे, लहान मुलीसारखी जिभेचं टोक दातांत धरून, चॉपस्टिकने एकेक लाल दाणा उचलून एकेका डब्याच्या मधोमध खुपसत होती आणि वरून भात सारखा करत होती.

मिनोवाने पाहिलं. मग तो आला तसा पावलांचा आवाज न करता मागे वळला. हात त्याने धुतलेच नाहीत.

*

दुसऱ्याने रांधलेल्या भातात काडी खुपसून तो शिजलाय का हे पाहिल्याशिवाय तामाए मावशीला चैन पडत नसे. डबे बांधायला बसल्यावर तिने पहिल्याच डब्यात काडी घातली आणि बाहेर काढली. काडीच्या टोकाला लाल दाणा होता.

“हे काय?” मावशी म्हणाली.

सगळ्या त्या दाण्याकडे बघत राहिल्या. किनुए खिडकीबाहेर बघत राहिली.

इतोहाने दुसरा डबा उघडला, भात बाजूला सारला. दाणा. तिसरा डबा. दाणा. प्रत्येकात एक, बरोबर मध्यावर.

“ओशिगे!”

“मी टाकले असते तर दिसतील असे टाकले असते,” ओशिगे म्हणाली. “मी लपवून रांधत नाही.”

“मी टाकले,” कोसुझु म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. टाकायचं तिच्या मनात कालपासून होतं; नुसतं मनात आणलं तरी ते केल्यासारखंच, अशी तिची समजूत होती.

मग तिला बोलणी बसली. मावशीने तिची अक्कल काढली, इतोहाने तर, मी मेले तरी माझं नाव घेऊ नकोस, इथपर्यंत मजल नेली. “तुला कळतंय का काय केलंस? ‘मोनो’ चहाघराच्या आईची चुलतबहीण माझ्या सासूच्या शेजारी राहते. संध्याकाळच्या आत त्सुरुगात कळलं असतं, की सून एक पाय क्योतोत ठेवून आलीय!”

कोसुझु हुंदके देत होती आणि मिनोवा दारात हॅट हातात घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही. किनुए बघत होती. बघता बघता तिला सहन होईना, पण खुपत होतं ते बोलणी ऐकणं नव्हे. कोसुझुच्या हातून हे झालं असं सगळ्यांना खरं वाटतंय, हे.

“तिला काय बोलताय?” ती म्हणाली. “तिने फुलं मांडली की फुलदाणीत सायकलचा अपघात झाल्यासारखं दिसतं. ती बरोबर मध्यावर दाणा लावील? माझे आहेत ते.”

सगळ्यांच्या माना किनुएकडे वळल्या. कोसुझुचं रडणं तेवढं सवयीने चालू होतं. मग तेही थांबलं.

“आई,” इतोहा म्हणाली. “का?”

“एकच तर होता.”

“एक असला काय आणि शेरभर असला काय!”

“असं कसं? शेरभर म्हणजे मुद्दाम. एक दाणा चुकूनही पडतो. पंधरा तारीख आहे. कुणी विचारलं असतं तर म्हणता आलं असतं, चुकून पडला.”

“आणि कुणी विचारलं नसतं तर?”

किनुएने किमोनोची बाही सारखी केली. “तर मला तेवढा पुरला असता,” ती म्हणाली.

 इतोहा खाली बसली आणि एकेका डब्यातला दाणा काढायला लागली. कोसुझु मदतीला बसली. पण दाणा निघाला तरी त्याच्याजवळचा भात गुलाबी झालेला. मंचावरचा रंग उतरवल्यावर चार दिवसांनी कानामागे सापडतो तसा तो डाग, धुऊनही न जाणारा. मावशीने डाग पडलेला भात उचलला तर मध्ये खड्डा पडला. खड्डा पाहून गल्लीत दाण्यापेक्षा जास्त चर्चा झाली असती.

“आई, मला रागवायचं नाहीये,” इतोहा खाली बघूनच म्हणाली. “पण तूच मारून मारून शिकवलंस ना? पाऊल टाकायचं तर सगळं वजन त्यावर टाकायचं. मागच्या पायावर रेंगाळलीस की तो नाच नाही, ती ट्रामची रांग. आता मी पाऊल टाकतेय तर तूच माझी मागची टाच धरून बसलीयेस.”

“मी कुठे धरली? तुमची मर्जी,” किनुए म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना दार तिने हळूच लोटलं. ते आदळलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

*

तामाए मावशी मागोमाग गेली. कुणाच्या मागे जायचं आणि कुणाच्या नाही, हे मावशीला कधीच कळत नसे. म्हणून ती सगळ्यांच्याच मागे जाई, आणि अधूनमधून ते बरोबर ठरे.

किनुए लाल दाण्यांच्या पातेल्यासमोर बसली होती.

“अक्का, मी गेले तेव्हा माझा भात कसा होता?” मावशीने विचारलं.

“पांढरा. आणि कच्चा.”

“कच्चा नव्हता.”

“गुरूंनी मला तुटलेला दात दाखवला होता.”

मावशीने हे सोडून दिलं. ओसाकाच्या एका कापडवाल्याबरोबर ती गेली होती, सगळ्या गल्लीला निव्वळ पांढरा भात वाटून. आणि तिसऱ्या हिवाळ्यात एक गाठोडं घेऊन याच दारात उभी राहिली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. घरात तिच्यासमोर मात्र आजवर कुणी काढलं नव्हतं, आणि तिनेही.

“मी परत आले तेव्हा तू काय म्हणालीस?”

“काय ठाऊक.”

“मला ठाऊक आहे. म्हणालीस, ‘पाय धू, आमटी निवतेय.’ बस्स. माझा डबा कसा होता ते काढलं नाहीस. गल्लीने काढलं. गुरू मला रस्त्यात बघून म्हणाल्या, ‘काय, भात पचला वाटतं?’ वर्षभर हसले लोक. मग कंटाळले. दार दाण्याने उघडलं नव्हतं अक्का. तू उघडलंस.”

किनुएने पळी घेऊन पातेलं ढवळलं. पातेल्यात दाणे खदखदत होते.

“ती तुझ्यासारखी नाही, तामा,” ती शेवटी म्हणाली. “ती यायची नाही.”

तामाए मावशीला खोटं बोलता येत असे. आयुष्यभर चहाघरांत काम केलेली बाई ती. पण किनुएशी ती खोटं बोलत नसे.

“नाही यायची,” ती म्हणाली. “मी आले, कारण माझा नवरा गाढव होता. हा गाढव नाही. विचित्र आहे, पण गाढव नाही. म्हणून ती यायची नाही, आणि त्याचंच तुला वाईट वाटतंय. तिला गाढव मिळावा असं वाटतंय का तुला?”

“थोडे दिवस वाटत होतं,” किनुए प्रामाणिकपणे म्हणाली.

दोघी हसल्या. हसताना किनुएच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं मावशीने समजून घेतलं.

मग किनुए उठली, बाह्या वर करून दोरीने पाठीमागे बांधल्या आणि तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं.

“हे काय करतेस?”

“भात.”

“तुला येतो?”

“यायचा,” किनुए म्हणाली.

*

तोफूवाल्याच्या भोंग्यामागे गेलेली ओशिगे परत आली तेव्हा तिच्या चुलीसमोर घराची मालकीण बसलेली, आणि जाळ फुंकायला वेधशाळेचा माणूस. तोफू हातात घेऊन ती दारातच उभी राहिली.

“पाणी जास्त झालंय,” ती म्हणाली.

“तू बाहेर थांब,” किनुए म्हणाली.

“माझं स्वयंपाकघर आहे!”

“आजच्या दिवस माझं. माझी मुलगी चाललीय.”

हे वाक्य किनुएच्या तोंडून या आठवड्यात प्रथमच निघालं होतं. ओशिगेने तोफू खाली ठेवला आणि खरोखरच बाहेर जाऊन थांबली. आत काय चाललंय ते दाराच्या फटीतून तिने पाहिलं, ते वेगळं.

मिनोवा धुराने डोळे मिटून फुंकणीतून फुंकत होता.

“मघाशी तुम्ही मला पाहिलंत ना?” किनुएने झाकणावरची नजर न काढता विचारलं. “बोळात एक फळी आहे, ती नवख्याच्या पायाखालीच वाजते.”

“पाहिलं.”

“मग त्या पोरीला बोलणी बसत होती तेव्हा बोलला का नाहीत?”

मिनोवाने फुंकणी खाली ठेवली. “तुम्ही बोलाल असा अंदाज होता.”

“आणि नसते बोलले तर?”

“तर चुकला असता. आमचे चुकतात.” तो थोडा थांबला. मग बरेच दिवस पाठ करून ठेवलेलं असावं तसं एका दमात म्हणाला, “त्सुरुगाहून गाडी थेट येते, आई. मध्ये बदलावी लागत नाही. आणि तिकडूनही इकडे तशीच असते, म्हणजे इकडून तिकडे. तुम्हाला यायला. बर्फ वितळल्यावर. पण बर्फातही चालते.”

त्याने तिला आई म्हटल्याचं किनुएच्या लक्षात आलं, आणि तिच्या लक्षात आलंय हे त्याच्या.

“जाळ कमी करा,” ती म्हणाली. “उतू जाईल.”

भात व्हायचा तसाच झाला. खाली लागला, वर मऊ पडला, मध्ये तेवढा जमला. किनुएने मधला काढून डब्यांत भरला. लागलेला भात खरवडून सगळ्यांनी त्या लाल दाण्यांबरोबर उभ्याउभ्याच खाल्ला. ओशिगे म्हणाली, की असा भात तिने आयुष्यात खाल्ला नव्हता, आणि यापुढे खायची तिची इच्छाही नाही. मिनोवाने दोनदा मागून घेतला. तामाए मावशी मुहूर्त टळला म्हणून कासावीस झाली होती. तिने पंचांग पुन्हा काढलं, आणि दुपारनंतरचा काळ सकाळपेक्षाही चांगला असल्याचं तिला आढळलं.

इतोहा वरून तयार होऊन आली. गडद किमोनो, त्यावर घराचं चिन्ह, केस साधे बांधलेले. तिने एक डबा उघडला. कडेपर्यंत पांढरा. तिने किनुएकडे पाहिलं. किनुएच्या गालाला काजळी लागली होती. कुणीही ते तिला सांगितलं नव्हतं, आणि इतोहानेही सांगितलं नाही. आपल्या बाहीच्या टोकाने तिने ती पुसली.

“तुझ्याबरोबर मी येते,” किनुए म्हणाली.

“आई, थोरल्या बहिणीने जायचं असतं. त्या जागी मावशी येतेय.”

“तामाला यातलं काय कळतं? तिने एकदाच वाटलाय, तोही कच्चा.”

*

घराच्या आईने डबे घेऊन दारोदार जाणं ही रीत नाही. त्यामुळे किनुएला पुढे आणि इतोहाला मागे पाहून गल्लीतल्या जाळीदार खिडक्यांमागे बरीच हालचाल झाली. कोसुझु डब्यांचं गाठोडं घेऊन सगळ्यात मागे होती. ती रडत नव्हती. तिला बजावून सांगितलं होतं, आणि शिवाय गाठोडं जड होतं.

पहिलं दार नाचाच्या गुरूंचं. ऐंशीच्या घरातल्या गुरू स्वतः उंबऱ्याशी येऊन गुडघ्यांवर बसल्या. इतोहाने दोन्ही हातांनी डबा पुढे ठेवला, कपाळ जमिनीला टेकेतो वाकली आणि ठरलेले शब्द म्हणाली. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत.

गुरूंनी झाकण काढलं. त्यांना आता नीट दिसत नसे, म्हणून त्यांनी डबा उजेडाकडे धरला. थोडा कलता केला. भाताच्या कडेकडेने त्यांची नजर फिरली, मध्यावर आली, पुन्हा कडेने गेली. इतोहाला नाच शिकवताना त्या अशाच तिच्या पावलांकडे बघत, काही निसटलंय का ते.

इथे कुणी बोलत नाही. बोलायचं नसतं.

“नाहीत,” किनुए म्हणाली.

गुरूंनी वर पाहिलं. इतोहानेही वाकलेली मान थोडी वळवली.

“दाणे शोधू नका, बाई. नाहीत. मीच रांधलाय, मला माहीत आहे.” किनुएने बाही सारखी केली. “ती तिकडे सुखात राहणार आहे.”

गुरूंनी झाकण सावकाश लावलं. डबा बाजूला ठेवला, हात मांडीवरून पुढे घेतले, आणि इतोहाकडे नाही, किनुएकडे तोंड करून खाली वाकल्या.

“अभिनंदन, किनुए,” त्या म्हणाल्या.